'घरचं काम' म्हणजे काय, हे विचारणं भांडण नाही

आमच्या स्टाफच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर एकाने विचारलं, यशवंत स्टेडियमजवळ रात्री पंक्चर कुठे काढून मिळेल? धंतोलीत दवाखाने इतके, की रात्रपाळीवाल्या कुणालाही हा प्रश्न पडावा. लगेच एका सहकाऱ्याने मला टॅग करून लिहिलं, "भाईला विचार ना, घरचंच काम आहे." पुढे हसून लोळणारे तीन चेहरे. माझे अब्बा जिल्हा परिषदेच्या शाळेत मराठी शिकवून निवृत्त झाले. (पंक्चर काढत असते तरी त्यात लाज कसली? पण टोमणा कशाचा होता, हे सगळ्यांना कळलं होतं.) मी एवढंच लिहिलं, "घरचं काम म्हणजे?"

पंधरा मिनिटांनी ॲडमिन सरांनी दोन्ही मेसेज उडवले. वर हात जोडून सूचना: ग्रुप ड्युटीसाठी आहे, इथे धर्म आणू नका.

धर्म आणला कुणी? टोमणा मारणाऱ्याने तर धर्माचं नावही घेतलं नव्हतं. दुहेरी अर्थाच्या शब्दाचं बळ यातच असतं. लागला तर लागला, नाहीतर "मस्करी होती रे, तू फार मनावर घेतो." आणि जो अर्थ विचारतो, तोच वातावरण बिघडवणारा ठरतो. दोघांचे मेसेज उडवणं वरून निष्पक्ष दिसतं. पण टोमण्याचं काम तोवर झालेलं असतं, सगळ्यांनी वाचलेला असतो. थांबतो तो फक्त प्रश्न.

आपल्यातले काही जण म्हणतील, मग स्क्रीनशॉट काढ, एफआयआर कर. माझा याला विरोध आहे. 2025 च्या फेब्रुवारीत सुप्रीम कोर्टाने झारखंडमधल्या एका प्रकरणात म्हटलं, की एखाद्याला 'मियाँ-तियाँ', 'पाकिस्तानी' म्हणणं असभ्य आहे, पण धार्मिक भावना दुखावण्याचा गुन्हा नाही. तक्रारदार उर्दू अनुवादक होता, सरकारी काम करत होता. निकाल वाचून मलाही राग आला होता. पण गुन्ह्याची पातळी उंच असण्याने आपलंच रक्षण होतं. कोल्हापूर जिल्ह्यातल्या एका कॉलेजात शिकवणाऱ्या काश्मिरी प्राध्यापकावर व्हॉट्सॲप स्टेटसवरून 153-अ लागलं होतं. त्यात पाकिस्तानला 14 ऑगस्टच्या शुभेच्छाही होत्या. 7 मार्च 2024 ला सुप्रीम कोर्टाने तो गुन्हा रद्द केला, तो एका जुन्या कसोटीच्या आधारे: शब्दांचा परिणाम समजूतदार, खंबीर माणसाच्या नजरेने मोजा, घाबरट माणसाच्या नाही. ही कसोटी स्वातंत्र्याआधी आपल्याच नागपूर हायकोर्टात न्यायमूर्ती व्हिव्हियन बोस यांनी घालून दिली होती.

म्हणजे पोलिसांनी यात पडू नये. मग पडायचं कुणी? ॲडमिनने. "माझ्या हातात काय आहे" हे उत्तर आता चालत नाही. 1 मार्च 2021 ला मुंबई हायकोर्टाच्या नागपूर खंडपीठाने गोंदिया जिल्ह्यातल्या एका ग्रुपच्या ॲडमिनवरचा गुन्हा रद्द केला. सदस्य काय लिहील हे ॲडमिन आधी रोखू शकत नाही, सामाईक हेतू नसेल तर दुसऱ्याच्या शब्दांसाठी तो गुन्हेगार ठरत नाही, असं कोर्ट म्हणालं. बरोबरच आहे. पण गुन्हेगार नसणं वेगळं आणि जबाबदारी नसणं वेगळं. शिवाय 2022 पासून ॲडमिन कुणाचाही मेसेज सगळ्यांसाठी उडवू शकतो. आमच्या सरांनी तीच ताकद वापरली, फक्त विचार न करता.

शब्दांची यादी करून बंदी घालणं हाही उपाय नाही. मेटाने 'शहीद' या शब्दावर असंच केलं होतं. या शब्दाला किती अर्थ आहेत हे न बघता पोस्टी काढल्या जात होत्या. शेवटी मार्च 2024 मध्ये कंपनीच्याच ओव्हरसाइट बोर्डाने ही सरसकट बंदी उठवायला सांगितलं. 'मियाँ' घ्या. आमच्या घरी तो मानाचा शब्द आहे, गाण्यातल्यांना मियाँ की मल्हार ठाऊक आहे, आणि चौकात तोच शब्द थुंकल्यासारखा येतो. 'पंक्चर' तर कुठल्याच यादीत बसणार नाही.

ॲडमिनने करायचं एवढंच: प्रश्न राहू द्यायचा, आणि ज्याने लिहिलं त्याला ग्रुपवरच विचारायचं, "भाऊ, काय म्हणायचं होतं?" खरंच निरागस असेल तर एका वाक्यात सुटेल. कधी कधी असतंही निरागस, आपण चुकीचं ऐकतो. मस्करी असेल तर त्यातला विनोद सगळ्यांना समजावून सांगू दे. मेसेज उडवायचा तर त्यानंतर, आणि ज्याचा उडवायचा त्याचाच.

आता आपल्या घरात येऊ. मोहल्ल्यातल्या मुलांच्या ग्रुपचा ॲडमिन मी आहे. तिथे एका नद्दाफ पोराला वादात कुणीतरी म्हणालं, "जा, रुई पिंज." त्याने विचारलं, असं का बोलला? मी दोन्ही मेसेज उडवले आणि लिहिलं, "इत्तेहाद रखो भाई." धंतोलीतल्या सरांच्या आणि माझ्या सूचनेत फरक फक्त भाषेचा होता. तो पोरगा ग्रुपमध्ये आहे, पण तेव्हापासून गप्प आहे. हे मला माझ्यावर पाळी आल्यावर आठवलं. मग मी त्याच ग्रुपवर लिहिलं, की प्रश्न उडवला ही माझी चूक होती, आणि 'रुई पिंज'वाल्याला नाव घेऊन अर्थ विचारला. त्याने अजून उत्तर दिलेलं नाही. प्रश्न मात्र ग्रुपच्या वरच्या टोकाला पिन करून ठेवला आहे.