केकवरचा चित्रतुरग

आपल्या काव्यशास्त्राने आपल्या मध्यवर्ती संज्ञा स्वयंपाकघरातून उचलल्या आणि मग स्वयंपाकघराचे दार बाहेरून लावून घेतले, असे म्हटले तर ते फारसे अतिशयोक्त ठरू नये. भरताने नाट्यशास्त्राच्या सहाव्या अध्यायात रस समजावून सांगताना दृष्टान्त घेतला तो नाना व्यंजनांनी संस्कारित केलेल्या अन्नाचा. अभिनवगुप्ताने रसिकाच्या अनुभवासाठी जो शब्द रूढ केला तो 'चर्वणा', म्हणजे अक्षरशः चावणे, घोळवत चघळणे. रस, आस्वाद, चर्वणा, पाक हे शब्द आपण वर्गात वर्षानुवर्षे शिकवतो; परंतु ज्या ओट्यावरून ते आले, त्या ओट्यावर आज काय घडते आहे याकडे पाहण्याची आपल्या समीक्षेला गरज वाटत नाही. दुर्गाबाई भागवतांनी 'खमंग' लिहिले. मात्र तो मार्ग पुढे फारसा कुणी चाललेले दिसत नाही.

म्हणून या लेखाचा विषय काहींना क्षुल्लक वाटेल याची कल्पना आहे. विषय आहे घरी केलेला वाढदिवसाचा केक, आणि तोही जपानी ॲनिमेतील पात्र वर रेखाटलेला. उल्हासनगर, अंबरनाथ, बदलापूर या पट्ट्यात, जिथे घरातली मोठी माणसे दिवसाचे कित्येक तास लोकलमध्ये काढतात, तिथल्या एखाद्या वन-बीएचके घरात संध्याकाळी उशिरा गॅसवर कुकर चढतो. त्याची शिट्टी आणि रबर काढलेले असते, तळाशी मिठाचा थर असतो आणि आत केकचे भांडे. दुसऱ्या दिवशी त्या केकवर डोरेमॉन, पिकाचू किंवा नारुतो अवतरायचा असतो. माझे म्हणणे असे, की हा केक म्हणजे एक अर्थनिर्णय आहे, आणि त्याची समीक्षा करता आली पाहिजे.

पहिला आक्षेप ठरलेला असतो: हे सारे परके आहे. जपानी पात्र, हिंदी संवाद, विलायती केक. यात मराठी ते काय? या आक्षेपाला एक उत्तर पावानेच देऊन ठेवले आहे. आपला 'पाव' हा शब्द पोर्तुगीजांकडून आला आणि जपानी भाषेतला पावासाठीचा 'पान' हा शब्दही त्यांच्याचकडून गेला. पोर्तुगीज 1534 मध्ये वसईत स्थिरावले आणि 1543 मध्ये जपानच्या किनाऱ्याला लागले. नागासाकीत आजही मानाने खाल्ला जाणारा 'कासुतेरा' हा केक त्याच शतकातल्या त्या संबंधाचे फळ. बदलापूर, उल्हासनगर, कल्याण अशी वाट काढत उल्हास नदी अखेर वसईच्या खाडीत मिळते. त्या नदीकाठच्या एखाद्या घरात जपानी पात्राचा केक होतो तेव्हा दोन अनोळखी संस्कृती प्रथमच भेटत नसतात. एकाच गलबताच्या दोन बंदरांची ती उशिरा झालेली ओळख असते.

आणि परकेपणाची भाषा या प्रदेशात तरी जपून वापरावी. उल्हासनगर हे मुळात दुसऱ्या महायुद्धातील लष्करी छावणीचे 'कल्याण कॅम्प'. फाळणीनंतर सिंधी निर्वासितांना तिथे वसवण्यात आले आणि 1949 मध्ये त्याला आजचे नाव मिळाले. तिथल्या मालावरच्या 'मेड इन यूएसए' या शिक्क्याचा विस्तार 'उल्हासनगर सिंधी असोसिएशन' असा करून आपण पिढ्यानपिढ्या हसत आलो. त्या विनोदामागे सर्वस्व गमावलेल्या माणसांनी बाहेरून आलेली वस्तू उलगडून, समजून घेऊन, पुन्हा आपल्या हाताने घडवण्याची एक जिद्द होती, हे मात्र आपण पाहिले नाही. याच शहरातल्या एका प्रसिद्ध कापडबाजाराचे नाव 'जपानी बाजार' आहे. नक्कल आणि निर्मिती यांच्यामधली रेषा किती पुसट असते, हे शिकायला याहून चांगले गाव मिळणार नाही.

ॲनिमेही इथे काल आलेला नाही. नव्वदच्या दशकात रविवारी सकाळी दूरदर्शनसमोर बसून ज्या पिढीने मोगलीची मालिका पाहिली, तिने जपानी ॲनिमेच पाहिला होता. ती मालिका 1989 ची, निप्पॉन ॲनिमेशनची. गुलजारांच्या शीर्षकगीतामुळे ती आपल्याला आपलीच वाटली, इतकेच. पुढे 2005-06 च्या सुमारास 'डोरेमॉन' आणि 'शिन-चॅन' हिंदी भाषांतरातून घरात आले. आणि सप्टेंबर 2025 मध्ये 'डीमन स्लेयर'चा चित्रपट भारतभर चित्रपटगृहांत हिंदी, तमिळ, तेलुगूसह झळकला. म्हणजे आज मुलाच्या केकवर ॲनिमेचे पात्र काढणारी आई स्वतःही पुष्कळदा ॲनिमे पाहूनच वाढलेली असते. तिला ते नाव तेव्हा ठाऊक नव्हते.

आता केकच्या तंत्राकडे वळू, कारण खरा मुद्दा तिथे आहे. केकवर चित्र उतरवण्याची एक घरगुती रीत अशी: पात्राचे चित्र उलटे, म्हणजे आरशात दिसते तसे, कागदावर घ्यायचे. त्यावर बटर पेपर ठेवायचा. वितळलेल्या गडद चॉकलेटने आधी फक्त बाह्यरेषा काढायच्या. त्या घट्ट झाल्या की आतले रंग भरायचे, आणि सर्वांत शेवटी पार्श्वभूमीचा थर द्यायचा. मग हे सारे फ्रीझरमध्ये गोठवून केकवर पालथे घालायचे आणि वरचा कागद अलगद सोडवायचा. जे प्रथम रेखाटले ते सर्वांत वर येते. मुलाचे नाव लिहायचे असेल तर देवनागरी अक्षरेही उलटी काढावी लागतात.

चित्रपटाच्या इतिहासाचे विद्यार्थी इथे थबकतील. संगणक येण्यापूर्वी ॲनिमेची चित्रे नेमकी अशीच तयार होत: पारदर्शक सेल्युलॉइडच्या पुढच्या बाजूस रेषा आणि मागच्या बाजूस रंग. ठळक रेषा आणि सपाट रंग हे ॲनिमेचे रूप केवळ आवडीतून आलेले नाही, काटकसरीतूनही आलेले आहे. ओसामु तेझुका यांची 'ॲस्ट्रो बॉय' ही मालिका 1963 मध्ये दूरचित्रवाणीवर आली तेव्हा तुटपुंज्या पैशांत दर आठवड्याला एक भाग द्यायचा होता. म्हणून हालचाली कमी केल्या गेल्या, तीच चित्रे पुन्हा वापरली गेली, आणि भावनेचा सारा भार मोठ्या डोळ्यांवर व रेषेवर टाकला गेला. साधनांची मर्यादा शैली होऊन बसली. अंबरनाथच्या ओट्यावर एकच नोझल, तीन रंगांच्या बाटल्या आणि दोन तासांचा अवधी असलेली बाई त्या शैलीच्या मूळ अडचणीशी थेट येऊन भिडते. तिने तेझुकांचे नावही ऐकलेले नसेल. तिला भेडसावणारा प्रश्न मात्र त्यांचाच असतो: कमीत कमी रेषांत हा चेहरा जिवंत कसा करावा?

या प्रश्नाचे उत्तर लक्षणांत असते. डोरेमॉनच्या गळ्यातली घंटा आणि पोटावरचा खिसा, पिकाचूचे लाल गाल आणि कानांची काळी टोके, नारुतोच्या गालांवरच्या तीन-तीन रेघा, लुफीची गवती टोपी: यांपैकी काय गाळले तर चालेल आणि काय गाळले तर पात्रच हरवेल, हे केक करणारीला ठरवावे लागते. आपल्याकडे या विचाराला 'प्रतिमालक्षण' असे भारदस्त नाव आहे. अंबरनाथला वालधुनीच्या काठी शिलाहारांच्या काळातले, शके 982 म्हणजे इसवी सन 1060 चे शिवमंदिर उभे आहे. त्याच्या भिंतींवरील मूर्ती आपण ओळखतो त्या आयुधांवरून, वाहनांवरून, मुद्रांवरून. झिजलेल्या चेहऱ्यांवरून नव्हे. मंदिरातल्या मूर्तीला आणि केकवरच्या मांजराला एका तागडीत तोलण्याचा हेतू नाही. परंतु ओळख पटवण्याची बुद्धी दोन्हीकडे एकाच जातीची आहे, आणि ती मैलभर अंतरावर, नऊशे-हजार वर्षांच्या अंतराने काम करते आहे, हे सांगितल्याने मंदिराची प्रतिष्ठा कमी होत नाही.

आणि मग तो चित्रतुरग. नटाला पाहून प्रेक्षकाला 'हा राम' अशी जी प्रतीती येते, ती सम्यक् नव्हे, मिथ्या नव्हे, संशय नव्हे आणि निव्वळ सादृश्यही नव्हे. चित्रातल्या घोड्याला आपण 'घोडा' म्हणतो तशी ती वेगळ्याच प्रकारची असते, असे श्रीशंकुकाचे म्हणणे. भट्टतौताने या अनुकृतिवादावर घेतलेले आक्षेप आपण परीक्षेपुरते पाठ करतो. पण शंकुकाचे म्हणणे मुळात काय आहे, हे पाहायचे असेल तर पाच वर्षांच्या मुलासमोर केक ठेवावा. तो म्हणतो, 'डोरेमॉन!' त्याला भ्रम झालेला नसतो. तो सुरी मागतो. त्याला संशयही नसतो. एक डोळा किंचित मोठा झाला आहे हेही त्याला दिसते आणि तरी त्याची प्रतीती ढळत नाही. मग तो सांगतो, 'मला खिसा पाहिजे,' आणि खिसा खातो. चर्वणा हा शब्द इतका शब्दशः सिद्ध होताना काव्यशास्त्राला क्वचितच पाहायला मिळाले असेल. ज्या डोरेमॉनचा स्वतःचा जन्मदिवस त्याच्या कथेनुसार 3 सप्टेंबर 2112 म्हणजे अजून व्हायचाच आहे, तो दुसऱ्याच्या वाढदिवसाला हजर होतो आणि संपतो. जिभा तेवढ्या निळ्या राहतात.

याच ठिकाणी माझे मत मी स्पष्ट नोंदवतो. हल्ली खाण्यायोग्य कागदावर छापलेले चित्र केकवर चिकटवून मिळते. ते हुबेहूब असते, आणि नेमके म्हणूनच त्यात समीक्षेला काही उरत नाही. त्यात कुणी काही निवडलेले नाही, काही गाळलेले नाही. हाताने काढलेल्या पात्रात निवड दिसते; म्हणजे वाचन दिसते. काळा रंग पांढऱ्या क्रीममधून आणायचा तर इतका रंग ओतावा लागतो की चव कडवट होते. म्हणून जाणती बाई काळ्याची सुरुवात कोकोपासून करते. इथे रूपाचा निर्णय चवीने घेतला. मे महिन्यात क्रीम ओघळते, पावसाळ्यात फाँडंटला पाणी सुटते. म्हणून आकृती सोपी करावी लागते. इथे रूपाचा निर्णय हवेने घेतला. भाषांतरकार मूळ संहिता आणि आपली भाषा यांच्यात जी तडजोड करतो, तीच ही. आणि चांगल्या भाषांतराप्रमाणेच इथेही हुबेहूबपणा हा निकष अपुरा आहे. या साहित्यात, या हवेत, या मुलासाठी पात्राचा प्राण राखला गेला का, हे पाहावे.

ही परंपरा आपल्याकडे नवी नाही. लग्नातले रुखवत, संक्रांतीचे हलव्याचे दागिने, दिवाळीतला मातीचा किल्ला: खाऊन, वितळून किंवा विस्कटून संपणारी कला आपण पूर्वीपासून जोपासली. मात्र तिचा गौरव करताना दुसरी बाजू झाकू नये. रुखवत हे वधूपक्षाच्या हौसेचे होते तसेच वरपक्षाच्या नजरेच्या धाकाचेही होते. आजच्या केकवरही तसा धाक आहे: शेजारच्या सोसायटीतला केक, व्हॉट्सॲपवर फिरणारी छायाचित्रे, मुलांची तुलना. दिवसभर नोकरी करून संध्याकाळच्या लोकलमध्ये उभ्याने आलेल्या बाईने रात्री बारापर्यंत पिकाचूचे कान करावेत, ही अपेक्षा जेव्हा प्रेमाच्या नावाखाली लादली जाते, तेव्हा त्या केकचे कौतुक करणारा समीक्षक त्या लादण्याचा भागीदार होतो. म्हणून समीक्षेने कौतुकाबरोबर हेही विचारावे, की हे काम कुणी केले, कोणत्या वेळी केले आणि इतर माणसे तेव्हा काय करत होती. घरातल्या पुरुषाच्या हातात पायपिंग बॅग का दिसत नाही, हा प्रश्न सौंदर्यशास्त्राच्या बाहेरचा मानायचे कारण नाही.

शेवटचा मुद्दा भाषेचा, आणि मराठीच्या अध्यापकांना तो सर्वांत जवळचा वाटावा. फेटणे, फेसणे, घोटणे, कालवणे. सरबरीत, सैलसर, रवाळ, लुसलुशीत. एकतारी आणि दोनतारी पाक. पदार्थाची प्रत्येक अवस्था नेमकी सांगणारी भाषा मराठी स्वयंपाकघराने घडवली आहे. 1970 मध्ये आलेल्या कमलाबाई ओगल्यांच्या 'रुचिरा'त ती भाषा छापील पानावर दिसते. केकच्या बाबतीत मात्र आपण या शब्दांकडे पाठ फिरवून इंग्रजी क्रियापदांना 'करणे' जोडत सुटलो: व्हिप करणे, फोल्ड करणे, फ्रॉस्ट करणे. केक, ओव्हन, क्रीम ही नावे परकी असली तरी हरकत नाही. पाव परका होता तसाच तोही घरचा होतो. क्रियापदे गेली की हात मुके होतात. टोक उभे राहीपर्यंत फेसणे, खालून वर घेत हलक्या हाताने मिसळणे, असे म्हणणारी आई मुलाला डोरेमॉनच्या निमित्ताने मराठी क्रियापदे देत असते. त्याचे आवडते पात्र जपानी आहे म्हणून हळहळण्यापेक्षा, त्या पात्राविषयी त्याच्याशी मराठीत बोलणारे कुणी आहे का, याची काळजी आपण करावी.

पदवीच्या वर्गात रससूत्र शिकवताना एकदा विद्यार्थ्यांना घरातल्या अशा एखाद्या केकवर समीक्षालेख लिहायला सांगावे. कोणती लक्षणे राखली, कोणती सोडली, साधनांनी कोणते निर्णय घ्यायला लावले, श्रम कुणाचे, शब्द कोणते वापरले. चित्रतुरगन्याय त्यांना त्यानंतर पाठ करावा लागणार नाही. आणि कदाचित घरी जाऊन ते प्रथमच आईला विचारतील, की तो खिसा तू नक्की कसा काढलास?