तेवढं एक औषध सांगा

नाटे गावातल्या मंडळींना एक विनंती. ओळखीच्या डॉक्टरला फोन लावून ‘तेवढं एक औषध सांगा’ म्हणायची सवय जरा आवरू या.

मोह होणारच. राजापूर गाठायचं तर अर्धा दिवस मोडतो, रत्नागिरी त्याहून लांब. मुंबईकर तर तिथूनच सूत्रं हलवतात. आई गावात एकटी, लेक परळला, डॉक्टर तिसरीकडे आणि गोळ्या द्यायच्या मेडिकलवाल्यानं. आईचं पोट मात्र कुणीच दाबून पाहिलेलं नसतं.

२०१८च्या फेब्रुवारीत रत्नागिरीतल्या एका दवाखान्यात सिझेरियन होऊन घरी गेलेल्या एका बाळंतिणीला त्रास सुरू झाला. तो दवाखाना चालवणारं डॉक्टर दांपत्य बाहेरगावी होतं. औषधं फोनवरून सांगितली गेली. तिला पुन्हा दाखल केलं, तेव्हा तिथं एकही डॉक्टर नव्हता. ती दगावली. जुलैत मुंबई उच्च न्यायालयानं त्या दोघांचा अटकपूर्व जामीन फेटाळला. निदान न करता औषध देणं हा गंभीर हलगर्जीपणा आहे, असं न्यायालयाचं म्हणणं पडलं. तो आदेश जामिनापुरता होता, दोषी ठरवणारा नव्हता. तरी डॉक्टरमंडळींनी त्याचा धसका घेतला.

पुढे टाळेबंदीच्या तोंडावर, २५ मार्च २०२० रोजी, टेलिमेडिसिनची नियमावली आली. त्यामुळे फोनवर सल्ला देणं आता बेकायदा नाही, पण त्याला अटी आहेत. डॉक्टर नोंदणीकृत हवा आणि चिठ्ठीवर त्याचा नोंदणी क्रमांक हवा. पहिल्यांदाच नुसतं फोनवर बोलत असाल, तर बहुतेक साधीच औषधं सांगता येतात. ‘तपासायला या’ म्हणण्याचा हक्क डॉक्टरला आहे, तेव्हा तसं म्हटलं तर तोंड वाकडं करू नका. फोनवरच्या सल्ल्याची फी घ्यायलाही नियमाची मुभा आहे. आपल्याला ती जड जाते, हे वेगळं!

फोन करावाच लागला तर आधी वय, चालू गोळ्या, साखर, बीपी, कशाची ॲलर्जी आहे का, बाई गरोदर आहे का, हे न विचारता सांगा. औषधाचं नाव ऐकून कागदावर खरडू नका, सहीची चिठ्ठी मागवा. सरकारच्या ई-संजीवनीवर डॉक्टरचा सल्ला फुकट मिळतो, तोही वापरा. पण बाळंतिणीला ताप किंवा रक्तस्राव, छातीत कळ, फुरसं चावणं, यात औषध विचारत बसू नका. सरळ १०८ लावा. डॉक्टरला फोन करायचा तो गाडी येईपर्यंत काय करावं, एवढंच विचारायला.

आणि दवाखान्यात दाखल होण्याआधी एक प्रश्न विचाराच. विचारताना संकोच नको, चांगल्या डॉक्टरला त्याचा राग येत नाही: ‘डॉक्टर, रात्री इथं कोण असतं? तुम्ही बाहेरगावी गेलात तर आमच्या पेशंटकडे कोण बघणार?’ उत्तरात नाव मिळालं, तर ते नंबरासकट डिस्चार्ज कार्डावर लिहून घ्या. नाव मिळालं नाही, तर दुसरा दवाखाना बघा.