पहिल्या फळीचे मास्तर

मोठ्या गवयाची ओळख करून देताना आपल्याकडे त्याच्या गुरुपरंपरेचा उच्चार आवर्जून होतो. परंतु त्या परंपरेत नाव येते ते अखेरच्या, नामवंत उस्तादांचे. ज्या मास्तरांनी आठव्या-नवव्या वर्षी त्या मुलाला मांडी घालून ताठ बसविले, तोंड वाकडे न करता आकार लावावयास शिकविले आणि सहा महिने षड्जाच्या पुढे जाऊ दिले नाही, त्यांचे नाव कार्यक्रमपत्रिकेत नसते; पुष्कळदा गवयाच्या स्वतःच्या ओठांवरही नसते. पाया घालणाऱ्या शिक्षकाची किंमत समाजाने कशी करावी हा प्रश्न माझ्या व्यवसायामुळे मला नेहमीच छळीत आला आहे. त्याचे एक उत्तर अगदी अनपेक्षित ठिकाणी, म्हणजे अमेरिकन फुटबॉलच्या मैदानावर मला सापडले. ते आज वाचकांपुढे ठेवावयाचे आहे.

तबला-पेटी सोडून मास्तर हे कोठे भरकटले, असे वाचक म्हणतील. माझा एक विद्यार्थी नोकरीनिमित्त पिट्सबर्ग येथे असतो. त्याच्याकडे दोन महिने राहण्याचा योग आला आणि रविवारच्या रविवार हा खेळ घरच्या मंडळींबरोबर दूरदर्शनवर पाहणे भाग पडले. प्रथम त्यात झोंबाझोंबीपलीकडे काही दिसेना. पुढे माझी नजर चेंडूवरून निघून पहिल्या फळीवर बसली, आणि मग मात्र पुष्कळ काही दिसू लागले.

नावात पाय असला तरी ह्या खेळात चेंडूशी पायाचा संबंध बेताचाच. दोन्ही बाजूंस अकरा-अकरा गडी. लांबट चेंडू ज्याच्याकडे असेल त्या संघाने चार प्रयत्नांत दहा यार्ड पुढे सरकावयाचे. तेवढे सरकला तर पुन्हा चार प्रयत्न मिळतात. चढाई करणाऱ्या संघाचे पाच धिप्पाड गडी भिंतीसारखे रांगेत असतात. त्यांच्यासमोर हातभर अंतरावर, एक हात जमिनीला टेकून, बचावाची पहिली फळी ओणवी बसलेली असते. चेंडू हलला की ह्या दोन भिंती एकमेकींवर आदळतात. ही बचावाची पहिली फळी तयार करणे एवढेच ज्याचे काम, असा स्वतंत्र शिक्षक प्रत्येक संघाकडे असतो. मुख्य शिक्षकाची छायाचित्रे वर्तमानपत्रांत झळकतात. ह्या फळीच्या मास्तरांना त्यांचे गडी आणि गड्यांच्या घरची माणसे ओळखतात. जॉन मिचेल हे अशा मास्तरांपैकी एक. १९७३ साली त्यांनी हे काम हाती घेतले आणि २०२३ च्या फेब्रुवारीत खाली ठेवले.

मिचेल ह्यांचा जन्म १९५१ साली अलाबामा राज्यातील मोबील शहरी एका कृष्णवर्णीय कुटुंबात झाला. ते अकरा वर्षांचे असताना, १९६३ च्या जूनमध्ये, त्या राज्याचे गव्हर्नर जॉर्ज वॉलेस हे दोन कृष्णवर्णीय विद्यार्थ्यांची वाट अडविण्यासाठी अलाबामा विद्यापीठाच्या इमारतीच्या दारात स्वतः जाऊन उभे राहिले होते. विद्यार्थी आत गेले. फुटबॉलच्या संघाचे दार मात्र आणखी काही वर्षे बंदच राहिले. त्या संघाचे शिक्षक पॉल ब्रायंट, ज्यांना सारा देश ‘बेअर’ म्हणजे अस्वल ह्या टोपणनावाने ओळखतो, त्यांचा दबदबा एखाद्या संस्थानिकासारखा होता. शाळा संपल्यावर मिचेल ह्यांना घराजवळच्या मोठ्या विद्यापीठाचा आसरा मिळाला नाही. हजार मैलांहून दूर ॲरिझोनातील एका लहान कनिष्ठ महाविद्यालयात ते खेळू लागले. तेथून ते लॉस एंजेलिसच्या सदर्न कॅलिफोर्निया विद्यापीठात जाणार, असे जवळजवळ ठरले होते. तेथील शिक्षक जॉन मॅके ह्यांनी बोलण्याच्या ओघात ही गोष्ट ब्रायंट ह्यांच्यापाशी काढली, ब्रायंट हळूच उठून टेलिफोनकडे गेले आणि हा मोबीलचा मुलगा अलाबामाला आला, अशी हकीकत त्या खेळाच्या इतिहासात सांगितली जाते.

१९७१ च्या सप्टेंबरात लॉस एंजेलिस येथे त्याच सदर्न कॅलिफोर्नियाविरुद्ध अलाबामाचा सामना झाला. सुरुवातीचा चेंडू लाथाडला गेला आणि तो घेऊन धावणाऱ्या गड्याला पहिल्याच धडकेत लोळविले ते मिचेल ह्यांनी. अलाबामाच्या मुख्य संघातून सामन्यात उतरलेले ते पहिले कृष्णवर्णीय खेळाडू. अलाबामाने तो सामना १७-१० असा जिंकला. पुढच्याच वर्षी मिचेल त्या संघाचे सहकर्णधार झाले आणि अखिल अमेरिकन संघात त्यांची निवड झाली. व्यावसायिक संघात मात्र त्यांना जागा मिळाली नाही. सॅन फ्रान्सिस्कोच्या संघाने १९७३ मध्ये त्यांना निवडले आणि सोडून दिले. तेव्हा ब्रायंट ह्यांनी त्यांना परत बोलावून साहाय्यक शिक्षक नेमले. ज्या संघात दोन वर्षांपूर्वीपर्यंत काळा खेळाडू उतरला नव्हता, त्या संघातील गोऱ्या मुलांना बावीस वर्षांचाही न झालेला हा काळा तरुण शिकवू लागला. माझ्या मते वॉलेससाहेबांच्या त्या दारावरचा खरा विजय हा होता. शिकण्यासाठी आत जाणे ही एक गोष्ट. शिकविण्याच्या जागी बसणे ही त्याहून कठीण गोष्ट.

त्यानंतरची भ्रमंती थोडक्यात सांगतो. आर्कान्सा, बर्मिंगहॅमचा एक अल्पजीवी व्यावसायिक संघ, टेंपल विद्यापीठ, लुइझियाना, क्लीव्हलंड. आणि १९९४ पासून पिट्सबर्ग स्टीलर्स. तेथे ते तब्बल एकोणतीस हंगाम राहिले. त्यांतील पहिले चोवीस हंगाम काम एकच: बचावाची पहिली फळी.

आता ह्या कामाचे मर्म पाहावे. पिट्सबर्गची बचावाची पद्धत अशी की पहिल्या फळीत तीनच गडी ठेवावयाचे आणि त्यांच्या पाठीशी चार. म्हणजे समोरच्या पाच जणांच्या भिंतीला हे तिघे भिडणार. त्यांतील प्रत्येकाने आपल्यासमोरच्या गड्याच्या डाव्या आणि उजव्या अशा दोन्ही बाजूंच्या वाटा राखावयाच्या. समोरच्याला चुकवून पुढे मुसंडी मारली तर टाळ्या पडतील, पण मागे एक वाट उघडी राहील. म्हणून ह्या गड्याने आधी खाली वाकून, हात लांब करून, समोरच्याच्या छातीत पंजे रोवावयाचे, त्याला बाहूभर दूर धरावयाचे, चेंडू कोणत्या अंगाने जातो ते पाहावयाचे आणि मगच त्याला झटकून टाकावयाचे. त्याने दोन गडी आपल्या अंगावर ओढून घेतले की मागचा माणूस मोकळा धावतो आणि चेंडूवाल्याला पाडतो. दुसऱ्या दिवशी वर्तमानपत्रात नाव येते ते त्या मागच्या माणसाचे.

माझे वडील बडोदे दरबारी तबल्याची साथ करीत. १९४९ साली संस्थान विलीन झाले तेव्हा ते जेमतेम अठरा वर्षांचे होते आणि कलावंत कारखान्यात त्यांची उमेदवारीच चालू होती. पण साथीचा धर्म ते तेथेच शिकले. विलंबित ख्यालाला अर्धा-पाऊण तास ठेका लावून धरणे हे किती अवघड असते ते तबल्यावर बसलेल्यालाच कळते. हात शिवशिवत असतात, तुकडा वाजविला तर दाद मिळणार हे ठाऊक असते. पण लय रेसभर हलली तर गवयाची बढत कोसळते. मिचेल ह्यांचे गडी हा ठेका धरीत होते, असे मला त्यांचे जुने सामने पाहताना वाटले.

आणि हे गडी कोण? केसी हॅम्टन हा पहिल्या फेरीत, मोठ्या किमतीने निवडलेला. त्याचे वजन सुमारे दीडशे किलो. पण त्याच्या शेजारचा ॲरन स्मिथ १९९९ मध्ये चौथ्या फेरीत मिळालेला. ब्रेट काइझेल २००२ मध्ये सातव्या म्हणजे अगदी शेवटच्या फेरीतला. क्रिस होक ह्याला तर २००१ मध्ये कोणीही निवडलेच नव्हते. त्याने दारावर उभे राहून जागा मिळविली. हे चौघेही आपले सारे व्यावसायिक आयुष्य त्याच एका संघात, त्याच एका मास्तरांच्या हाताखाली खेळले. प्रत्येकी दहा वर्षांहून अधिक. २००६ आणि २००९ ह्या वर्षी संघाने देशाचे अजिंक्यपद मिळविले. २०१० च्या हंगामात चेंडू घेऊन धावणाऱ्यांना ह्या बचावाने दर सामन्यात सरासरी ६२.८ यार्डच मिळू दिले. देशातील सर्वोत्तम बचावपटूचा मान २००८ मध्ये जेम्स हॅरिसन ह्याला आणि २०१० मध्ये ट्रॉय पोलामालू ह्याला मिळाला. दोघेही ह्याच संघाचे, आणि दोघेही पहिल्या फळीच्या मागे उभे राहणारे! ॲरन स्मिथची मानाच्या वार्षिक सामन्यासाठी साऱ्या कारकीर्दीत एकदाच निवड झाली.

ह्या खेळाचा मी वकील नाही. ह्याच पिट्सबर्ग संघाचा जुना खेळाडू माइक वेबस्टर २००२ मध्ये वारला, आणि वर्षानुवर्षांच्या धडकांनी मेंदूची काय दशा होते हे त्याच शहरातील डॉक्टर बेनेट ओमालू ह्यांनी त्याच्या मेंदूच्या तपासणीवरून जगापुढे मांडले. जे मास्तर डोक्याऐवजी हातांनी भिडावयास शिकवितात ते गड्याचे पुढचे आयुष्य काही अंशी तरी राखतात, एवढेच म्हणता येईल. धोका त्याने संपत नाही.

येथे एका गोष्टीची गल्लत होऊ नये म्हणून स्पष्ट लिहितो. मिचेल पन्नास वर्षांत कोणत्याही संघाचे मुख्य शिक्षक झाले नाहीत. ‘पाहा, केवढा निष्काम कर्मयोगी!’ असे म्हणून टाळी वाजविणे सोपे आहे. पण १९७३ मध्ये त्यांनी कामाला सुरुवात केली तेव्हा त्या देशाच्या राष्ट्रीय लीगमध्ये एकही कृष्णवर्णीय मुख्य शिक्षक नव्हता. आधुनिक काळातील पहिले, आर्ट शेल, नेमले गेले ते १९८९ साली. अलाबामा ज्या दक्षिणेकडील विद्यापीठांच्या गटात खेळते, त्या गटात फुटबॉलच्या मुख्य शिक्षकाच्या जागी पहिला कृष्णवर्णीय माणूस, सिल्व्हेस्टर क्रूम, २००३ च्या डिसेंबरात आला. हे क्रूमही मिचेल ह्यांच्यासारखे ब्रायंट ह्यांच्याच तालमीतले. मुख्य शिक्षकाची जागा भरताना अल्पसंख्य समाजातील एका तरी उमेदवाराला मुलाखतीस बोलाविलेच पाहिजे, असा नियम लीगला २००३ मध्ये करावा लागला. त्याला पिट्सबर्ग संघाचे तेव्हाचे मालक डॅन रूनी ह्यांचे नाव आहे. नियम करावा लागतो तो दार आपोआप उघडत नाही म्हणूनच.

माणूस आपखुशीने पायाजवळ बसला तर ती साधना. त्याला वर चढूच दिले नाही तर तो अन्याय. बाहेरून दोन्ही सारखीच दिसतात. आपल्याकडच्या सारंगियांची कहाणी काय वेगळी आहे? गवयाच्या गळ्याची सावली होऊन राहणाऱ्या ह्या लोकांपाशी बंदिशींचे भांडार असे, पण गवयाच्या गादीवर बसण्याचा अधिकार त्यांना सहजी मिळत नसे. इंदूरचे अमीर खाँ हे सारंगियाचे चिरंजीव. ते गळ्याकडे वळले म्हणून आपण एका मोठ्या गायकीला मुकलो नाही. जे वळू शकले नाहीत त्यांचा हिशेब कोणी ठेवला?

म्हणून पिट्सबर्ग संघाने २००७ साली जे केले ते मला महत्त्वाचे वाटते. त्या वर्षी माइक टॉमलिन हे चौतीस वर्षांचे कृष्णवर्णीय तरुण त्या संघाचे मुख्य शिक्षक झाले आणि मिचेल ह्यांना साहाय्यक मुख्य शिक्षकाचे पद देण्यात आले. पण त्यांची फळी त्यांच्याकडून काढून घेतली नाही. मान वाढला, आणि पुढे आणखी अकरा हंगाम ते रोज सकाळी त्याच ओणव्या गड्यांपुढे उभे राहत होते.

आमच्या संगीतशाळांत नेमके उलटे घडते. एका संस्थेत मी पाहिले: नवा, तासावर पैसे घेणारा शिक्षक पहिलीच्या वर्गाला, पाच वर्षे टिकला की वरच्या वर्गाला, अधिक टिकला की कार्यालयात, हजेरीपटाच्या राज्यावर. मुले शिकविण्यात जो मुरला त्याला मुलांपासून दूर नेणे ह्यालाच आपण बढती म्हणतो. ‘नवख्यांना अलंकार-पलटे घोकवावयास थोर शिक्षक कशाला हवा?’ असा प्रश्न विचारला जातो. त्याचे उत्तर कोणताही अनुभवी मास्तर देईल. पहिल्या वर्षी तबल्यावर ठेवलेले बोट चुकीचे पडले तर ते सोडविण्यात पुढली पाच वर्षे जातात, आणि कित्येकांचे कधीच सुटत नाही. वरच्या वर्गातला तयार मुलगा साधारण शिक्षकाकडेही काहीतरी उचलील. शेवटच्या फेरीत आलेल्या काइझेलला मात्र मिचेलच हवेत.

माझ्या सूचना साध्या आहेत. प्रत्येक संस्थेने आपला सर्वांत अनुभवी शिक्षक आठवड्यातून निदान दोन दिवस पहिल्या वर्गावर बसवावा. पहिल्या वर्गाला शिकविणाऱ्याचे वेतन वरच्या वर्गाच्या शिक्षकाइतकेच असावे. ज्याला प्राचार्य व्हावयाचे आहे त्याची वाट जात, घराणे किंवा वाद्य पाहून अडवू नये. आणि ज्याला पहिल्याच वर्गात राहावयाचे आहे त्याला तेथे ठेवूनच मान व वेतन ह्यांची बढती द्यावी. मैफलीच्या पत्रिकेत कलावंताच्या पहिल्या मास्तरांचे नाव छापावे. त्याला एका ओळीहून अधिक जागा लागत नाही आणि खर्च काहीच नाही. ह्या शहरात वर्षाकाठी जे जलसे होतात त्यांच्या चालकांनी एवढी एक ओळ येत्या हंगामापासून छापावयास काय हरकत आहे?