दारातली जकात

मराठीच्या दारात आज एक जकात वसूल होते. तिची पावती मिळत नाही, तिचा दर कोठे छापलेला नाही. पण काही विचारावयास आलेल्या प्रत्येक नवख्या माणसाला ती भरावी लागते. बडोद्यातील तिसऱ्या पिढीचा, गुजराती शाळेत शिकलेला मराठी मुलगा एखाद्या शब्दाचा अर्थ विचारतो, आणि उत्तराआधी त्याच्या ऱ्हस्व-दीर्घाची झडती होते. निपाणीची मुलगी पुण्यात “काय करायलास?” असे बोलून जाते, आणि तिचे म्हणणे ऐकण्यापूर्वीच तिच्या क्रियापदावर हशा पिकतो. “एवढेही ठाऊक नाही?”, “हे शंभरदा सांगून झाले आहे”, “मराठी असून ही भाषा?” अशा तीन वाक्यांत प्रकरण निकालात निघते. प्रश्न तसाच राहतो आणि विचारणारा पुन्हा येत नाही. तो पुढच्या वेळी गुजरातीत विचारतो, कन्नडमध्ये विचारतो, इंग्रजीत विचारतो. तेथे त्याला निदान उत्तर मिळते.

याला केवळ शिष्टाचाराचा प्रश्न समजणे ही मोठी चूक आहे. महाराष्ट्रात राहणाऱ्याला एका दारातून परत पाठवले तरी त्याच्यासाठी दुसरी दहा दारे उघडी असतात. बेळगाव, खानापूर, निपाणी, कारवार, भालकी येथे किंवा बडोद्यात तशी स्थिती नाही. येथे मराठीकडे येणारा प्रत्येक जण सोपी वाट सोडून आलेला असतो. शाळा, नोकरी, कचेरी यांपैकी कशासाठीही त्याला मराठीची सक्ती नसते. तरीही तो मोडक्यातोडक्या मराठीत विचारतो, याचा अर्थ त्याने आपली निवड केलेली आहे. त्या निवडीला आपण उपहासाने उत्तर देत असू, तर भाषेचे नुकसान करणारा तो नव्हे, आपण आहोत.

आपण शासनाकडे काय मागतो, ते जरा आठवावे. राज्यघटनेच्या अनुच्छेद ३५० ने प्रत्येक व्यक्तीला हा हक्क दिला आहे की, आपल्या गाऱ्हाण्याच्या निवारणासाठी तिने संघराज्यात किंवा त्या राज्यात वापरल्या जाणाऱ्या कोणत्याही भाषेत निवेदन द्यावे. १९५६ च्या सातव्या घटनादुरुस्तीने ३५०-क आणि ३५०-ख हे अनुच्छेद त्याला जोडले. मातृभाषेतून प्राथमिक शिक्षण आणि भाषिक अल्पसंख्याकांसाठी विशेष अधिकारी यांची तरतूद त्यांत आहे. सीमाभागात आपण या तीन अनुच्छेदांच्या आधाराने वर्षानुवर्षे भांडत आलो. कचेरीतील कारकुनाने मराठी अर्ज परत केला की आपण संतापतो, आणि तो संताप न्याय्य आहे. पण अनुच्छेद ३५० मध्ये व्याकरणाची अट नाही. अर्जदाराची भाषा शुद्ध असावी, असे घटनाकारांनी कोठेही लिहिलेले नाही. जी अट घटनेने शासनाला घालू दिली नाही, ती आपण आपल्याच वाचनालयांत, मंडळांत आणि चर्चेत आपल्याच माणसांना घालतो. कारकुनाने केलेला अन्याय आपल्याला दिसतो, आपण केलेला मात्र भाषाप्रेम वाटतो.

न्यायालये कर्मठ असतात, असा लोकसमज आहे. त्या न्यायालयांचे वर्तन पाहा. तिहार तुरुंगातील एका कैद्याने दुसऱ्या कैद्याच्या छळाविषयी सर्वोच्च न्यायालयाच्या न्यायमूर्तींना पत्र लिहिले. त्या पत्रालाच याचिका मानून १९७९ साली सुनील बत्रा प्रकरणी निर्णय देण्यात आला. मसुदा, मुद्रांक, नमुना यांवरून ते पत्र परत पाठवता आले असते. पण न्यायालयाने आधी गाऱ्हाणे दाखल करून घेतले. दिवाणी प्रक्रिया संहितेतही सहाव्या आदेशाचा सतरावा नियम कैफियतीत दुरुस्तीची वाट ठेवतो, कारण लिहिण्यातील दोषापायी मूळ वाद बुडू नये. देशातील सर्वोच्च न्यायासन जेवढे औदार्य दाखवते, तेवढे एखाद्या वाचनालयाच्या टेबलामागे बसलेल्या माणसाला दाखवता येऊ नये काय?

आता बडोद्याकडे पाहू. मांडवी या शब्दाचा एक जुना अर्थच जकातीचे ठिकाण असा आहे. लहेरीपुरा, पाणीगेट, चांपानेर आणि गेंडीगेट या चार दरवाजांच्या मधोमध मांडवीची कमानदार वास्तू उभी आहे, आणि त्याच मांडवी भागात बडोद्याचे मध्यवर्ती ग्रंथालय आहे. जकातीच्या नावाच्या जागी ज्ञानाचे मुक्तद्वार उभे राहावे, हा योगायोग आपण ध्यानात घेण्याजोगा आहे. हे दार ज्यांनी उघडले ते महाराज सयाजीराव स्वतः एके काळी नवखेच होते. १८७५ साली नाशिक जिल्ह्यातील कवळाण्याहून दत्तक म्हणून आणलेल्या त्या बारा वर्षांच्या मुलाला अक्षरओळखही नव्हती. “आधी शिकून ये” असे सांगून त्याला कोणी परत पाठवले नाही. त्याच्यासाठी शिक्षक नेमले गेले.

त्या मुलाने पुढे काय केले? १८९३ मध्ये अमरेली तालुक्यात आणि १९०६ मध्ये सबंध संस्थानात प्राथमिक शिक्षण सक्तीचे आणि मोफत केले. १९१० साली विल्यम बॉर्डन या अमेरिकी ग्रंथपालास बोलावून ग्रंथालयांची व्यवस्था उभारली. नुसती पुस्तके आणून तो थांबला नाही. ती देणाऱ्या माणसांसाठी प्रशिक्षणवर्ग काढले. जे शहरात येऊ शकत नव्हते त्यांच्यासाठी पुस्तकांच्या पेट्या खेड्यांत पाठवल्या, मुलांसाठी वेगळे दालन केले, निरक्षरांना चित्रे दाखवून शिकवण्याची सोय केली. १९३१ मध्ये ‘श्रीसयाजीशासनशब्दकल्पतरू’ प्रसिद्ध झाला. राज्यकारभारातील इंग्रजी शब्दांना मराठी, गुजराती आणि इतर भारतीय भाषांतील पर्याय त्याने एकत्र मांडले. या सगळ्या खटाटोपामागे एकच धोरण दिसते. न येणाऱ्याला हसायचे नाही. त्याला येईल अशी व्यवस्था करायची.

“मग शुद्धतेचे काय?” असा आक्षेप येईलच. शुद्धलेखनाचे नियम अनादि नाहीत. मराठी साहित्य महामंडळाने १९६२ मध्ये चौदा नियम केले, १९७२ मध्ये त्यांत चारांची भर पडली. त्यापूर्वीचे विद्वान जे अनुच्चारित अनुस्वार निष्ठेने देत, ते आजच्या परीक्षकाने चुका म्हणून कापले असते. नियम हवेत, त्याशिवाय लिखित भाषेला स्थैर्य येत नाही. पण ते शिकवायचे असतील तर शिकणारा आधी वर्गात टिकला पाहिजे. दारातूनच पिटाळलेल्याला कोणते ऱ्हस्व-दीर्घ शिकवणार?

दुसरा आक्षेप अधिक प्रामाणिक आहे. तेच ते प्रश्न येतात, विचारणारे स्वतः काही शोधत नाहीत, आणि उत्तर देणारे स्वयंसेवक थकतात. हे खरे आहे. पण एकच प्रश्न वीस वेळा येतो तेव्हा विसाव्या माणसावर चिडण्यापेक्षा पहिल्या उत्तराची नीट नोंद का केली नाही, असे स्वतःला विचारावे. शाळेचे माध्यम बदलण्याचा अर्ज, मराठीत कागद मिळण्याची मागणी, नावाचे देवनागरी लेखन, नवशिक्याने कोणता शब्दकोश घ्यावा, असे प्रश्न वारंवार येतात. त्यांची उत्तरे एकदा सोप्या मराठीत लिहून दारातच लावावीत. विचारणाऱ्यावरही जबाबदारी आहे. वकिलाकडे येणारा जसा तारीख, कागद आणि आजवर काय केले हे घेऊन येतो, तसे त्याने प्रश्नासोबत द्यावे. मात्र हे कसे द्यायचे, ते त्याला आपणच सांगायचे आहे, आणि तेही न रागावता.

म्हणून सीमाभागातील आणि बृहन्महाराष्ट्रातील प्रत्येक मराठी संस्थेने चार गोष्टी ठरवून घ्याव्यात. प्रश्न कोणत्याही बोलीत, कोणत्याही लिपीत आला तरी दाखल करून घ्यावा. आधी उत्तर द्यावे, चूक नंतर आणि एकट्याला गाठून सांगावी. उत्तर ठाऊक नसेल तर ते कोठे मिळेल, हे सांगावे. आणि ज्याला गेल्या वर्षी मदत झाली, त्याच्यावर यंदाच्या नवख्याची वाट सोपी करण्याचे काम सोपवावे. अडचण कोठे येते, हे त्याच्याइतके ताजे कोणालाच आठवत नसते.

ऑक्टोबर २०२४ मध्ये मराठीला अभिजात दर्जा जाहीर झाला. तिच्या प्राचीनतेवर शिक्कामोर्तब झाले. महाराष्ट्राने २००४ साली सर्वोच्च न्यायालयात दाखल केलेल्या सीमादाव्यातून भूमीचा निवाडा अपेक्षित आहे. तो निवाडा उद्या आपल्या बाजूने लागला, तरी त्या भूमीवर मराठीत प्रश्न विचारणारा तरुण उरला नसेल, तर आपण जिंकले काय? ती माणसे राखण्याचे काम कोणत्याही न्यायालयाकडे सोपवता येत नाही. ते आपल्याकडेच आहे, आणि आज कोणी अडखळत काही विचारील, तेव्हा त्याला सरळ उत्तर देऊन ते सुरू करता येईल.