जुना बाजार : हौस आणि जबाबदारी

प्रवासाला निघालेल्या पती-पत्नींनी महानगरात काय पाहावे, याची यादी बहुधा आधीच ठरलेली असते. मुंबईत गेटवे ऑफ इंडिया, दिल्लीत लाल किल्ला, अहमदाबादेत साबरमती आश्रम. या स्थळांचे महत्त्व कोणी नाकारणार नाही. तथापि शहराने वापरून बाजूला टाकलेल्या वस्तू जेथे पुन्हा विक्रीला येतात, तो जुना बाजार या यादीत क्वचितच आढळतो. तेथे पाऊल टाकणे कमीपणाचे आहे, असा एक समज सुशिक्षितांत रूढ आहे. हा समज तपासून पाहण्याजोगा आहे.

भिलाईकरांच्या दृष्टीने तर या बाजारांचे आकर्षण विशेष असावे. भिलाईची पोलादनगरी आखून वसवलेली आहे. 1955 साली सोव्हिएत संघाशी झालेल्या करारानुसार येथे कारखाना उभा राहिला आणि 4 फेब्रुवारी 1959 रोजी राष्ट्रपती डॉ. राजेंद्रप्रसाद यांच्या हस्ते पहिल्या झोतभट्टीचे उद्घाटन झाले. कामगारांसाठी सेक्टर आखले गेले. घरे, शाळा, दुकाने यांच्या जागा नकाशावरच ठरल्या. देशाच्या सर्व भागांतून माणसे आली, त्यांत मराठी कुटुंबेही होती. या आखीव नगरीलगत सुपेला भागात मात्र दर रविवारी रस्त्याच्या कडेने बाजार भरतो आणि तेथे गर्दी लोटते. नकाशाने दिलेल्या दुकानांनी माणसाची बाजाराची भूक पुरती भागत नाही, हेच यावरून दिसते. शिवाय जुन्याचे मोल पोलाद कामगाराला वेगळे समजावून सांगावे लागत नाही. मोडीचे लोखंड पुन्हा भट्टीत जाते आणि त्याचे नवे पोलाद होते, हे तो रोज पाहत असतो.

महानगरांतील जुने बाजार एकमेकांसारखे नाहीत. मुंबईच्या चोरबाजारात मटण स्ट्रीटवर पितळी दिवे, लंबकाची घड्याळे, ग्रामोफोन, जुन्या चित्रपटांची भित्तिपत्रके अशा वस्तूंची दुकाने आहेत. शुक्रवारी ती बंद असतात आणि भल्या पहाटे पदपथावर वेगळाच बाजार मांडला जातो. मूळचा ‘शोर बाजार’ बोलता बोलता ‘चोर बाजार’ झाला, अशी कथा सांगितली जाते. पुण्याचा जुना बाजार वर्षानुवर्षे बुधवारी आणि रविवारी भरत आला. तेथे हत्यारे, कुलपे, नाणी, यंत्रांचे सुटे भाग यांचे ढीग लागत. अहमदाबादची रविवारी, म्हणजेच गुजरी, तर पंधराव्या शतकातील सुलतान अहमदशहाच्या काळापासून चालत आल्याचे मानतात. परदेशांतही हा प्रकार आहे. पॅरिसजवळच्या सेंट-ओएन येथील बाजाराला तर ‘पिसवांचा बाजार’ असे नाव पडले आणि तेच पुढे जगभर गेले.

अशा बाजारात पती-पत्नींनी मिळून फिरण्यात एक निराळी गोडी आहे. मोठ्या दुकानात वस्तूची किंमत छापलेली असते. तेथे निवडायचे आणि पैसे द्यायचे, एवढेच काम उरते. जुन्या बाजारात प्रत्येक वस्तूविषयी बोलावे लागते. एकाने भाव विचारावा, दुसऱ्याने वस्तू उलटसुलट करून पाहावी. एकाला अडकित्ता आवडावा, दुसऱ्याला त्याची धार बोथट वाटावी. पितळेचा डबा पाहून पत्नीला आजोळचे स्वयंपाकघर आठवते, तर जुना पाना हातात घेताच पतीला उमेदवारीचे दिवस आठवतात. वर्षानुवर्षे एका छपराखाली राहूनही जे बोलणे राहून गेलेले असते, ते एखाद्या पोचे आलेल्या डब्यापाशी सहज निघते. यासाठी खर्चही फार लागत नाही. बेताच्या उत्पन्नाच्या कुटुंबाला महानगरात परवडणारी अशी करमणूक विरळाच.

परंतु हा बाजार केवळ हौशी प्रवाशांसाठी भरत नाही. जुने कपडे घेऊन त्यांच्या बदल्यात भांडी देणारी बोहारीण मराठी घरांना अपरिचित नाही. या व्यवसायात गुजरातेतील देवीपूजक समाजाच्या अनेक स्त्रिया आहेत. दारोदार गोळा केलेले कपडे धुऊन, शिवून, इस्त्री करून पुन्हा विकले जातात आणि नवा सदरा ज्याला परवडत नाही, त्याच्या अंगावर ते चढतात. प्रवाशाला जी गंमत वाटते, ती विकणाऱ्याची भाकरी असते आणि तेथेच खरेदी करणाऱ्या मजुराची गरज असते. ही जाणीव ठेवूनच तेथे फिरले पाहिजे. घासाघीस हा या बाजाराचा रिवाज आहे. त्यात गैर काही नाही. पण सकाळची भवानीही न झालेल्या म्हाताऱ्या विक्रेत्याशी शेवटच्या दहा रुपयांसाठी हुज्जत घालणे आणि त्याच संध्याकाळी उपाहारगृहात त्याच्या कितीतरी पट पैसे न कुरकुरता मोजणे, याला काटकसर म्हणता येणार नाही.

या बाजारांवर घेतला जाणारा मुख्य आक्षेप चोरीच्या मालाचा. तो अगदीच निराधार नाही. चोरीचा माल आहे हे ठाऊक असताना, किंवा तसे मानण्यास कारण असताना, तो अप्रामाणिकपणे घेणे हा गुन्हा आहे. 1 जुलै 2024 पासून लागू झालेल्या भारतीय न्याय संहितेतही तशी तरतूद आहे. नवाकोरा मोबाइल कोणी कवडीमोलाने देऊ लागला, तर हात आखडता घ्यावा हे उत्तम. मूर्ती, नाणी आदी शंभर वर्षांहून जुन्या वस्तूंना 1972 चा पुरावशेषांविषयीचा कायदा लागू होतो आणि त्यांच्या व्यापारासाठी परवाना लागतो. ही सावधगिरी आवश्यकच आहे. परंतु काही जणांच्या लबाडीमुळे सगळ्या बाजाराला चोर ठरवणे अन्यायाचे होईल. तेथील बहुसंख्य वस्तू रद्दी, भंगार आणि घरांची आवराआवर यांतूनच आलेल्या असतात.

दुसरा आक्षेप वाहतुकीच्या अडथळ्याचा. रस्ता सर्वांचा आहे, हे खरे. पण त्या ‘सर्वां’मध्ये विक्रेताही येतो. बाजार एकदा उठला की पूर्वीसारखा पुन्हा बसणे कठीण असते. मद्रासचे मूर मार्केट 1985 साली आगीत भस्मसात झाले आणि त्या जागी रेल्वेची इमारत उभी राहिली. दिल्लीच्या दर्यागंज येथील रविवारचा पुस्तकबाजार न्यायालयाच्या आदेशानंतर 2019 साली पदपथावरून हलवून महिला हाटच्या आवारात न्यावा लागला. अहमदाबादेत नदीकाठाच्या विकासयोजनेत गुजरी जाण्याची वेळ आली, तेव्हा विक्रेत्यांच्या संघटनेने न्यायालयात दाद मागितली. अखेर 2014 साली नदीकाठीच या बाजाराला नवी जागा मिळाली. त्याच वर्षी संसदेने पथविक्रेत्यांच्या संरक्षणाचा कायदा केला. पन्नास वर्षांहून अधिक काळ चाललेल्या नैसर्गिक बाजारांना वारसा बाजार म्हणून घोषित करावे आणि तेथील विक्रेत्यांना हलवू नये, असे या कायद्याच्या अनुसूचीत म्हटले आहे. नगर पथविक्रेता समितीत किमान चाळीस टक्के सदस्य विक्रेत्यांचेच असावेत, अशीही तरतूद आहे. कायदा आहे, उणीव आहे ती अंमलबजावणीची आणि लोकमताच्या पाठबळाची.

हे पाठबळ द्यायला प्रवासी असमर्थ नाही. हावडा–मुंबई लोहमार्गावरील भिलाईहून निघणाऱ्या जोडप्याने आपल्या सहलीतील एक सकाळ जुन्या बाजारासाठी राखून ठेवावी, वस्तू पारखून घ्यावी, रास्त दाम द्यावे आणि परतल्यावर सुपेल्याच्या रविवारच्या बाजाराकडेही त्याच आदराने पाहावे. ज्या बाजारात गिऱ्हाइकांची वर्दळ आहे आणि ज्याच्या बाजूने बोलणारे नागरिक आहेत, तो उठवणे कोणत्याही नगरपालिकेला सोपे जात नाही.