बिट्टीच्या बिया पेरण्याआधी

गेल्या सोमवारी शेजारच्या गावचे एक गुरुजी रक्तदाब तपासायला दवाखान्यात आले होते. दंडाचा पट्टा सोडत असताना ते उत्साहाने म्हणाले, "डॉक्टरसाहेब, यंदा शाळेच्या कुंपणाला पिवळी कण्हेर लावायची ठरवलीय. गुरं तोंड लावत नाहीत, पाणी फारसं लागत नाही, शिवाय पूजेला फुलं. पोरांना दहा-दहा बिट्ट्या गोळा करून आणायला सांगितल्यात."

मी विचारले, "गुरुजी, गुरं तोंड का लावत नाहीत, ते पोरांना सांगितलंत का?"

गुरुजी गप्प झाले. त्यांचा रक्तदाब ठीक होता, माझा मात्र थोडा वाढला असावा. आजचा लेख त्या प्रश्नाचे उत्तर आहे.

पिवळी कण्हेर, म्हणजेच बिट्टी, आपल्या ओळखीची. मूळची अमेरिका खंडातली, पण आता अगदी घरचीच झालेली. देवळाच्या आवारात, बंगल्याच्या फाटकापाशी, गोठ्यामागे, सगळीकडे ती दिसते. तिचे हिरवे फळ पिकून काळे पडते आणि आत त्रिकोणी, टणक कोय असते. या कोयींनी आपल्यापैकी किती तरी जण लहानपणी खेळले असतील. त्या कोयीच्या आतले बी हा झाडाचा सर्वांत विषारी भाग. पान, साल, मूळ, चीक हेही विषारीच. लाल-गुलाबी कण्हेरही त्याच माळेतली.

हे विष नेमके काय करते? हृदयरुग्णांना आम्ही डिगॉक्सिन नावाची गोळी देतो. तिच्या घराण्याचा इतिहास मोठा गमतीचा आहे. इंग्लंडमध्ये फॉक्सग्लोव्ह नावाचे घंटेसारख्या फुलांचे झाड बागांतून हौसेने लावतात. अंगावर सूज येणाऱ्या रोग्यांना तिथली एक म्हातारी झाडपाल्याचे औषध देत असे. त्यातली गुणकारी वनस्पती ही फॉक्सग्लोव्हच, हे विल्यम विदरिंग या डॉक्टरांनी ओळखले आणि १७८५ साली त्यावर पुस्तक लिहिले. डिगॉक्सिन हे त्याच जातकुळीतल्या झाडापासून मिळते. मात्र गोळी असते पाव मिलिग्रॅमची, आणि तीसुद्धा आम्ही नाडी पाहून, वय पाहून, मूत्रपिंडांचे काम पाहून देतो. मात्रा थोडी चुकली तरी ओकाऱ्या सुरू होतात आणि हृदयाचे ठोके बिघडतात.

बिट्टीच्या बियांतली द्रव्ये याच प्रकारची. २००० साली 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकात श्रीलंकेतील एक अभ्यास प्रसिद्ध झाला. डिगॉक्सिनवरचा उतारा बिट्टीच्या विषबाधेतही हृदयाची लय पूर्वपदावर आणतो, असे त्यात दिसून आले. दोन्ही विषांचे नाते यापेक्षा स्पष्ट काय हवे! पण तो उतारा फार महाग, आणि आपल्याकडे सहजी मिळत नाही.

हे मी पुस्तकात वाचून सांगत नाही. पंचवीस वर्षांपूर्वी मीच ही चूक केली आहे. नव्या घराच्या कुंपणासाठी देवळातून ओंजळभर बिट्ट्या आणल्या आणि सुपात घालून ओसरीवर वाळत ठेवल्या. मी डॉक्टर, मला सगळे ठाऊक. पण शेजारच्या चार वर्षांच्या मुलीला काय ठाऊक? तिने दगडाने कोय फोडली आणि आतले बी शेंगदाण्यासारखे चावले. दुपारी तिला उलट्या सुरू झाल्या. आईला वाटले, ऊन लागले. संध्याकाळी तिला माझ्याकडे आणले तेव्हा नाडी मिनिटाला पन्नासच्या आत होती, आणि तीही मध्येच चुकत होती. माझी नजर ओसरीवरच्या सुपाकडे गेली आणि माझ्या पायांखालची जमीन सरकली. तिला जीपमध्ये घालून जिल्ह्याच्या रुग्णालयात नेले. तीन दिवस तिच्या खाटेशेजारी बसून होतो. पोर वाचली. आज ती दोन मुलांची आई आहे. पण ते सूप मी अजून विसरलेलो नाही.

म्हणून, ज्यांना आपल्या बागेत बिट्टी लावायचीच आहे त्यांना माझे सांगणे असे. घरात पाच-सहा वर्षांपर्यंतचे मूल असेल, तर ती मोठी होईपर्यंत हा बेत पुढे ढकला. बिया मोठ्या माणसांनीच गोळा कराव्यात, हातमोजे घालून. निदान प्लॅस्टिकची पिशवी तरी हाताला गुंडाळावी. चीक डोळ्यांना लागू देऊ नये. पेरण्यासाठी कोय फोडण्याची मुळीच गरज नसते. पावसाच्या सुरुवातीला अख्खी कोय मातीत पुरली की पुरे. वाळत घालायच्या तर मुलांच्या हाताला लागणार नाहीत अशा उंच जागी. ठेवायच्या तर नाव लिहिलेल्या, घट्ट झाकणाच्या डब्यात, आणि तो डबा स्वयंपाकघरात कधीही नको. रिकामा मसाल्याचा किंवा बिस्किटाचा डबा यासाठी वापरू नये. काम झाल्यावर साबणाने हात धुवावेत. सूप, पाटा, खलबत्ता यांना बिया लावूच नयेत. झाड वाढल्यावर खाली पडलेली फळे वेचून खड्ड्यात पुरावीत. छाटलेल्या फांद्या चुलीत घालू नयेत आणि वाळका पाला वैरणीत जाऊ देऊ नये. हिरवी पाने टाळणारे जनावर वैरणीत मिसळलेली वाळकी पाने खाऊन जाते.

एवढे करूनही मुलाने बी चघळल्याची शंका आली तर? किती खाल्ले याचा हिशोब करत बसू नका. एक असो वा अर्धे, दवाखाना गाठायचाच. तोंडातले तुकडे काढून चूळ भरायला लावा. मीठ-पाणी पाजून किंवा घशात बोटे घालून उलटी करवू नका. तूप, दूध, लिंबू यांत वेळ दवडू नका. १०८ ला फोन करा आणि फळाचा नमुना सोबत न्या. मूल खेळत असले तरी फसू नका. उलट्या, पोटदुखी, तोंडाला बधिरपणा, चक्कर ही लक्षणे काही तासांनीही येतात, आणि हृदयावरचा परिणाम त्याहून उशिरा दिसू शकतो. म्हणून ई.सी.जी. काढून निदान एक दिवस तरी देखरेखीखाली ठेवावे लागते.

काही वाचक म्हणतील, मग हे झाड तोडूनच टाकावे! मला ते पटत नाही. विषारी म्हणून सगळे तोडायचे ठरवले तर एरंड, धोतरा, गुंज असे करत निम्मी बाग उजाड होईल. झाडाचा दोष नाही. 'पूजेचे झाड, ते काय करणार' या आपल्या समजुतीचा दोष आहे. घराच्या आवारात माहीतगार माणूस असतो. त्याने जबाबदारी घेऊन ते खुशाल वाढवावे. शाळा आणि अंगणवाडी यांची गोष्ट मात्र वेगळी. तिथे शंभर मुलांवर एक-दोन मोठी माणसे आणि मधली सुट्टी अर्ध्या तासाची. तिथे बिट्टी आणि कण्हेर नकोच, हे माझे स्पष्ट मत आहे. ग्रामपंचायतींनी आणि शाळा समित्यांनी लागवडीची यादी करताना एवढे तरी पाहावे.

गुरुजींनी दुसऱ्या दिवशी मुलांकडून सगळ्या बिट्ट्या परत घेतल्या, मोजल्या आणि मला फोन केला. दोनशे चाळीस भरल्या. त्या त्यांनी शाळेमागे खोल खड्ड्यात पुरल्या. कुंपणाला आता मेंदी लागणार आहे. मुलांना आंब्याच्या कोयी, चिंचोके आणि जांभळाच्या बिया गोळा करायला सांगितले आहे.