पदवी हातात आहे, पण दाखवायला काम कुठे आहे?

बीई, बीसीए, एमसीए करून आपल्या वस्त्यांमधली मुलं-मुली पुण्या-मुंबईत नोकरी शोधत फिरत आहेत. मुलाखतीत प्रश्न येतो, "स्वतः काय बनवलंय?" नोट्स पाठ करून घेणाऱ्या कॉलेजने याची तयारी करून घेतलेली नसते. अनेक ठिकाणी तर शेवटच्या वर्षाचा प्रोजेक्ट विकत आणून जमा केला जातो.

ही उणीव हॅकेथॉन भरून काढू शकते. २०१७ पासून केंद्र सरकार स्मार्ट इंडिया हॅकेथॉन घेते. सहा जणांचा संघ, त्यात किमान एक मुलगी, आणि सॉफ्टवेअरच्या अंतिम फेरीत सलग ३६ तास काम. काम वाटून घेणं, दुसऱ्याचा कोड वाचणं, चूक शोधणं, परीक्षकांना पटवून देणं, हे सगळं तिथे करावंच लागतं. नोकरीतही हेच लागतं.

पण तिथवर पोहोचतं कोण? ज्याच्याकडे लॅपटॉप आहे, ओळखीतला मार्गदर्शक आहे, तो. संघ मैत्रीतून बनतात आणि कॉलेजातली मैत्रीही पुष्कळदा जात बघूनच होते.

"कौशल्य असलं की जात आडवी येत नाही," असं सांगणारेही भेटतात. सुखदेव थोरात आणि पॉल अ‍ॅटवेल यांनी २००७ मध्ये प्रसिद्ध केलेला अभ्यास त्यांनी वाचावा. पात्रता सारखी असूनही दलित आडनावाच्या अर्जांना खासगी कंपन्यांकडून कमी बोलावणी आली. म्हणून खासगी क्षेत्रातील आरक्षणाची मागणी आम्ही सोडणार नाही. मात्र ती मान्य होईपर्यंत आपल्या पोरांनी रिकाम्या हाताने मुलाखतीला जावं, हेही आम्हाला मान्य नाही. बाबासाहेबांनी १९४२ मध्येच सरकारकडे आपल्या मुलांसाठी तांत्रिक शिक्षणाची सोय मागितली होती.

मित्रांनो, जयंतीच्या वर्गणीतला काही भाग बाजूला काढा. विहाराच्या सभागृहात वायफाय आणि चार-पाच जुने लॅपटॉप बसवा. आयटीत स्थिरावलेल्या आपल्या बांधवांना दोन दिवस शिकवायला बोलवा. मुलींना रात्री थांबता येत नसेल, तर तीन रविवार दिवसा घ्या. विषय आपलेच ठेवा. शिष्यवृत्तीचा अर्ज कुठे अडला, जात पडताळणीला कोणती कागदपत्रं लागतात, हे मराठीत सांगणारं ॲप बनवा. तयार झालेला कोड गिटहबवर टाका आणि पुढे महिनाभर तो सुधारत राहा. दोन दिवसांत कुणी इंजिनिअर होत नाही, पण मुलाखतीत दाखवायला स्वतःचं काम तयार होतं.

'शिका' या शब्दात आज हेही येतं.

जय भीम!